'वेढणे' : एका क्रियापदाचा इतिहास आणि समीक्षेची भाषा

१

समीक्षेच्या भाषेत काही क्रियापदे इतकी रुळून जातात, की ती एखादी संकल्पना वाहून नेत आहेत याचे भान वापरणाऱ्याला राहत नाही. 'वेढणे' हे मराठी समीक्षेतील अशा क्रियापदांपैकी एक होय. 'परिस्थितीने वेढलेला माणूस', 'मृत्यूच्या जाणिवेने वेढलेले भावविश्व', 'एकाकीपणाच्या वेढ्यात सापडलेला नायक' यांसारख्या शब्दबंधांविना नवकवितेवरील वा अस्तित्ववादी जाणिवेच्या कादंबरीवरील लेखन पुरे होत नाही. या शब्दबंधांमागे एक अध्याहृत चित्र आहे. मध्यभागी एक सलग, स्वयंपूर्ण व्यक्ती आहे. तिच्याभोवती तिच्याहून भिन्न आणि तिला प्रतिकूल असे काही आहे. आणि हे बाहेरचे काही तिच्यावर चालून येत आहे. हे चित्र साहित्यकृतीतून निघाले, की क्रियापदाने ते परस्पर पुरवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

'वेढणे', 'घेरणे', 'ग्रासणे', 'व्यापणे', 'झपाटणे', 'पछाडणे' ही क्रियापदे अशा लेखनात एकमेकांच्या जागी सर्रास येतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेल्या क्रिया वेगवेगळ्या आहेत. 'ग्रासणे' म्हणजे गिळणे. ग्रहणाच्या 'खग्रास' आणि 'खंडग्रास' या संज्ञांत तो अर्थ अजून जिवंत आहे. ग्रासलेल्या वस्तूचा आकार दिसेनासा होतो. वेढलेल्या वस्तूचा आकार मात्र शाबूत राहतो, किंबहुना वेढ्यामुळेच तो उठून दिसतो. या दोन क्रिया एकच मानल्या, तर त्या आधारावर उभे राहणारे कवितेचे आकलनही सैल पडते. म्हणून 'वेढणे' या क्रियापदाचा इतिहास तपासणे हा केवळ व्युत्पत्तीचा छंद ठरत नाही. या इतिहासातून निघणारा मुख्य मुद्दा असा, की वेढणारा शत्रू आहे की रक्षक, हे 'वेढणे' स्वतः सांगत नाही. कोणी, कशाने आणि किती काळ वेढले, हे विचारल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही. आणि आधुनिक समीक्षेने नेमके हेच तीन प्रश्न सोडून दिले आहेत.

२

'वेढणे' या क्रियापदाचे मूळ संस्कृत 'वेष्ट्' या धातूत आहे, याविषयी मतभेद नाही. पाणिनीय धातुपाठात हा धातू पहिल्या गणात, आत्मनेपदी येतो आणि त्याचा अर्थ 'वेष्टन' या त्याच्याच नामाने सांगितला जातो. गुंडाळणे, भोवती फिरवून बांधणे ही त्याची मूळ क्रिया. 'शिरोवेष्टन' म्हणजे पागोटे. 'वेष्टन' हा शब्द मराठीत आजही पुडक्याच्या वा पुस्तकाच्या आवरणासाठी वापरला जातो.

ध्वनिपरिवर्तनाचा मार्गही लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृत 'ष्ट'चे प्राकृतात सामान्यतः 'ट्ठ' होते आणि मराठीत त्याचा 'ठ' उरतो : 'मुष्टि'पासून 'मूठ', 'दृष्टि'पासून 'दिठी'. या नियमाने 'वेष्ट्'पासून 'वेठणे' व्हावयास हवे होते. पालीत 'वेठेति' असे रूप आहेही. पण दीर्घ स्वरानंतर काही शब्दांत हा 'ठ' मृदू होऊन 'ढ' झाला. 'दंष्ट्रा'पासून 'दाढ' आणि 'कुष्ठ'पासून 'कोढ', 'कोड' ही त्याच वळणाची उदाहरणे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या प्राकृतविषयक आठव्या अध्यायात 'वेष्ट्' धातूच्या या 'ढ'काराची स्वतंत्र नोंद केली असून 'वेढइ' हे रूप दिले आहे. मराठी 'वेढणे' थेट या प्राकृत रूपाचे वारस आहे.

अन्य आर्यभाषांतील या धातूची अपत्ये पाहिली असता त्याचे मूळ क्षेत्र स्पष्ट होते. बंगालीत 'बेड़ा' म्हणजे कुंपण. गुजरातीत 'वेढ' म्हणजे बोटात घालावयाचे वळे. मराठीतही बोटातले 'वेढे' हा दागिना आहे, आणि दोराचे, तारेचे, सापाच्या अंगाचे 'वेढे' असतात. कापड, दोर, तार, कुंपण ही सारी घरगुती सामग्री आहे; युद्धाचा तिच्याशी संबंध नाही. पाली विनयातील शिष्टाचाराच्या नियमांत डोके गुंडाळून बसलेल्या निरोगी माणसाला भिक्षूने धर्म सांगू नये असा एक नियम आहे, आणि तेथे या डोक्यासाठी 'वेठित' हेच विशेषण आले आहे. क्रियापदाचा हा जुना संसार पागोट्याचा आहे.

पागोट्याच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कापडाचा वेढा डोक्याला झाकतो. पण पागोटे या वस्तूला जो आकार येतो तो वेढ्यांमुळेच येतो. वळ्याचेही तसेच. तार वेढली नाही तर वळे उरत नाही, केवळ तार उरते. म्हणजे मध्यभागी आधीपासून काहीतरी पूर्ण असते आणि वेढा त्याला नंतर येऊन भिडतो, हे चित्र या क्रियापदाच्या मूळ अर्थात अनिवार्य नाही. वेढणे ही घडवण्याचीही क्रिया आहे.

३

भोवती असणे ही गोष्ट भारतीय भाषांच्या जुन्या थरांत सातत्याने दुहेरी आहे. 'वृ' म्हणजे झाकणे, आवरणे. यास्काने 'वृत्र' या नावाच्या ज्या व्युत्पत्ती दिल्या त्यांत या धातूचा समावेश आहे, आणि 'वरुण' या नावाची उपपत्तीही त्याने याच धातूने लावली आहे. एकाने पाणी कोंडून धरले, दुसरा ऋताचा पालक मानला गेला. कोंडणारा आणि सांभाळणारा यांची नावे निरुक्तकाराला एकाच क्रियेतून उलगडता आली, हे अर्थदृष्ट्या महत्त्वाचे आहे.

पाली परंपरेतील मुचलिंद नागाची कथा याच दुहेरीपणाचे मूर्त रूप आहे. संबोधीनंतर अकाली पावसाचे सात दिवस आले, तेव्हा या नागराजाने बुद्धाच्या शरीराभोवती सात वेढे घालून मस्तकावर फणा धरला. आकाश निवळल्यावर त्याने वेढे सोडले. आणि हे वेढे सोडणे सांगण्यासाठी 'महावग्गा'त व 'उदाना'त आलेले क्रियापद 'वेठ्' या अंगाचेच उपसर्गयुक्त रूप आहे. याउलट भागवताच्या दशम स्कंधात कालिय नाग कृष्णाला वेटोळ्यात जखडतो. एका ठिकाणी वेटोळे हे छत्र आहे, दुसऱ्या ठिकाणी ते मरण आहे. सर्पाच्या शरीराची क्रिया मात्र दोन्हीकडे एकच.

युद्धशास्त्राच्या परिभाषेतही हे दिसून येते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात किल्ला घेण्याचे उपाय आले आहेत. त्यात वेढ्यासाठी जी संज्ञा आहे ती 'पर्युपासन' : 'परि', 'उप' आणि 'आस्', म्हणजे भोवती, जवळ, बसणे. हेच क्रियापद गीतेच्या बाराव्या अध्यायात उपासनेसाठी आले आहे. किल्ल्याभोवती बसलेले सैन्य आणि आराध्याभोवती बसलेला भक्त यांच्यासाठी संस्कृतला दोन वेगळी क्रियापदे करावी लागली नाहीत. लोकाचारात वटपौर्णिमेला वडाभोवती सुताचे वेढे घातले जातात, तेव्हा त्या कृतीचा अर्थ कोणी 'वडाला घेरले' असा लावत नाही. अर्थ संदर्भाने ठरतो, आणि तो संदर्भ म्हणजे वेढणाऱ्याचा हेतू.

४

मराठीत 'वेढा' या नामाला मुख्यत्वे लष्करी अर्थ आला तो किल्ल्यांच्या राजकारणामुळे. डोंगरी किल्ला हे ज्या राज्याचे बळ, तेथे वेढा हाच युद्धाचा नित्याचा प्रकार असणे स्वाभाविक होते. पण लष्करी अर्थ स्थिरावल्यावरही जुने चित्र पुसले गेले नाही. वेढा 'घालतात' किंवा 'देतात', तो 'आवळतात', तो 'सैल पडतो'. ही सर्व दोराची आणि कापडाची क्रियापदे आहेत. त्यांच्या जोडीला दुसरे चित्र आहे : सैन्य वेढा घालून 'बसते', आणि शेवटी वेढा 'उठतो' किंवा 'उठवला' जातो. येथे 'पर्युपासना'तील बसणे मराठी वाक्प्रचारात वेगळ्या वाटेने पुन्हा अवतरलेले दिसते. इंग्रजी 'सीज' हा शब्दही बसण्याचाच अर्थ असलेल्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आला आहे. बसणाऱ्याला केव्हातरी उठावे लागते. त्यामुळे वेढ्याला आरंभ असतो तसा शेवटही असतो.

सतराव्या शतकातील दोन वेढे या संदर्भात उद्बोधक आहेत. १६६० साली मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला. तो पावसाळ्यातही चालू राहिला. वाटाघाटींच्या निमित्ताने त्यात शिथिलता आली आणि जुलैतील पावसाळी रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. वेढा म्हणजे सलग भिंत नसून माणसांनी माणसांवर ठेवलेली पाळत आहे आणि म्हणून तीत फट पडू शकते, हे या प्रसंगाचे सार आहे.

दुसरे उदाहरण जिंजीचे. झुल्फिकारखानाच्या नेतृत्वाखाली मोगलांनी १६९० साली या किल्ल्याला दिलेला वेढा १६९८च्या आरंभी किल्ला पडेपर्यंत, मध्ये खंड पडत, चालला. या काळात राजाराम महाराजांचा दरबार तेथे होता आणि किल्ल्यातून सनदा व पत्रे बाहेर जात होती. १६९२च्या अखेरीस संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी बाहेरून केलेल्या हल्ल्यांमुळे वेढा घालणारे सैन्यच कोंडीत सापडले, आणि १६९३च्या जानेवारीत त्याला वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली. वेढणारा आणि वेढला गेलेला ही दोन पदे कायमची वाटून दिलेली नसतात, याचे याहून स्पष्ट ऐतिहासिक उदाहरण सापडणे कठीण. आणि कृष्णाजी अनंत सभासदाची बखर, म्हणजे मराठी ऐतिहासिक गद्याचा एक आधारग्रंथ, १६९७च्या सुमारास याच जिंजीत लिहिली गेली. वेढलेल्या जागेतून निर्माण झालेल्या साहित्याचा विचार करताना या घटनेकडे समीक्षेचे लक्ष जावयास हवे होते. त्या बखरीची दृष्टी वेढ्याच्या आत कोंडलेली नाही. ती मागच्या पिढीच्या कर्तृत्वाकडे वळलेली आहे. वेढ्यात असणे म्हणजे वेढ्याचीच जाणीव असणे, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

फारशीतून आलेला 'मोर्चा' हा शब्दही याच व्यवहारातला. 'मोर्चे लावणे' म्हणजे किल्ल्यासमोर तोफांची व शिपायांची आडोशाची ठाणी उभारणे. राजकीय वार्तांकनातील 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ उरला आहे. रस्त्यावरचा 'मोर्चा' मात्र चालू लागला. ठाण मांडणाऱ्यांचा शब्द चालणाऱ्यांचा झाला.

५

'वेढणे'च्या शेजारचे 'घेरणे' वेगळ्या वाटेने आले आहे. 'घेर' म्हणजे परिघ. घागऱ्याला घेर असतो. या कुळातील 'घेरी' हा शब्द विशेष विचारात घेण्याजोगा आहे. माणसाला घेरी येते तेव्हा भोवतीचे काही जवळ आलेले नसते. त्याचे डोकेच फिरू लागते. असाच प्रवास 'भ्रम्' धातूपासून निघालेल्या शब्दांनी केला आहे. 'भोवती' हे स्थलवाचक, 'भोवरा' ही फिरणारी वस्तू, 'भोवळ' हा शरीराचा अनुभव, आणि 'भोवणे' म्हणजे केलेल्या गोष्टीचे फळ अंगावर येणे. बाहेरचे वर्तुळ आत शिरते आणि अखेर नैतिक परिणामाचा अर्थ धारण करते. अंतर्मन भारून वा हतबल होऊन जाण्याचा अनुभव मराठीने या शब्दांत गरगरण्यातून घडवला.

'वेढणे'ला हा गरगरण्याचा अर्थ नाही. दुःखाने वेढलेल्या माणसाला घेरी आलेली नसते. तो स्थिर असतो आणि त्याला आपल्या भोवतीचे स्पष्ट दिसत असते. हा भेद सूक्ष्म असला तरी काव्यवाचनात निर्णायक ठरू शकतो. भोवंडून गेलेल्या जाणिवेची कविता आणि वेढलेल्या जाणिवेची कविता यांची लय, प्रतिमांची रचना आणि निवेदकाची जागा एकसारखी असू शकत नाही.

'घेरणे'च्या कुळातील सर्वात अलीकडचा महत्त्वाचा शब्द म्हणजे 'घेराव'. १९६७ साली पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचे सरकार आल्यानंतर कारखान्यांच्या व्यवस्थापकांना कामगारांनी घेरून ठेवण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडले आणि हा शब्द देशभर पसरला. इंग्रजी कोशांतही गेला. अशा प्रसंगी पोलिसांच्या हस्तक्षेपावर मर्यादा आणणारी सरकारी परिपत्रके त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. येथे वेढणाऱ्यांची बाजू बदलली आहे. किल्ल्याचा वेढा सत्ताधारी वा सत्ताकांक्षी सैन्याचा असे. घेराव हा सत्ता नसलेल्यांचा आहे. 'घेराव' शब्द उच्चारताच कोणी कोणाला आणि कशासाठी, हे प्रश्न उभे राहतात. कर्ता पुसून हा शब्द वापरताच येत नाही.

६

समीक्षेच्या भाषेत नेमका कर्ता पुसला गेला, आणि तो पुसण्याचे काम एका व्याकरणिक रूपाने केले. ते रूप म्हणजे 'वेढलेला' हे कृदन्त विशेषण. 'शत्रूने किल्ला वेढला' या वाक्यात 'ने' कर्त्याला लागला आहे; 'धुक्याने डोंगर वेढला' यातही तोच 'ने' आहे. मराठीत कर्ता आणि करण यांचा प्रत्यय एकच असल्याने हेतू असलेला वेढणारा आणि हेतू नसलेले आवरण यांतील फरक या रचनेत दिसेनासा होतो. 'वेढा घालणे' या शब्दबंधात तसे होत नाही. त्याला हेतू असलेला कर्ता लागतो; धुक्याने वेढा घातला असे म्हटले तर ते चेतनगुणोक्तीचे उदाहरण होते. 'वेढा' ही घटना आहे, 'वेढलेला' ही अवस्था आहे. घटनेला काळ असतो. अवस्था निष्काळ भासू शकते.

'परिस्थितीने वेढलेला माणूस' या शब्दबंधात हा दोष दुणावतो. 'परिस्थिती' या शब्दाची घडणच 'भोवती असणे' अशी आहे. इंग्रजी 'सर्कमस्टन्स'ची लॅटिन घडणही तीच. तेव्हा भोवती असलेल्याने भोवतालून घेतले, एवढेच हा शब्दबंध सांगतो. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या 'काही कविता'पासून पुढच्या नवकवितेचा विचार करताना महानगर, यंत्र, युद्ध, गर्दी हे सारे 'परिस्थिती' या एका नावाखाली घालून माणसाला 'वेढलेला' ठरवले, की ती परिस्थिती कोणी निर्माण केली हा प्रश्न कवितेच्या कक्षेबाहेर ठेवता येतो. कवितेने तो विचारला असला, तरी समीक्षेचे क्रियापद त्याला ऐकू येऊ देत नाही.

या प्रश्नाचे सर्वात मूलगामी रूप साहित्यसमीक्षेबाहेर फार पूर्वी मांडले गेले होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवर वाचलेल्या निबंधात जातीची व्याख्या बंदिस्त वर्ग अशी केली. त्यापुढे त्यांनी या बंदिस्तपणाचा कर्ता शोधला : काहींनी आपली दारे स्वतः लावून घेतली, आणि इतरांना ती आपल्याविरुद्ध लावलेली आढळली. कुंपण एकच, पण ते घालणाऱ्याच्या आणि बाहेर राहिलेल्याच्या अनुभवात ते एकच नसते. अवस्थेमागची घटना आणि घटनेमागचा कर्ता दाखवण्याची ही रीत आहे.

मराठी दलित साहित्याने हीच रीत साहित्यात आणली. 'गावकूस' म्हणजे गावाभोवतीची भिंत वा कुंपण. अर्थाच्या दृष्टीने तो बंगाली 'बेड़ा'चा सोयरा. गावकुसाच्या आतल्याला ती भिंत पागोट्यासारखी आहे : ती सांभाळते आणि गाव या वस्तूला आकार देते. गावकुसाबाहेरचा माणूस मात्र वेढलेला नाहीच. तो वेढ्यातून वगळलेला आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहापासून नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'पर्यंत (१९७२) दिसणारा माणूस 'परिस्थितीने वेढलेला' या साच्यात बसवला, तर त्याच्या अनुभवाचे मर्मच हरवते. 'गोलपिठा' हे शहराच्या ऐन मध्यावरचे ठिकाण आहे, आणि तरीही ते शहराच्या प्रतिष्ठित वर्तुळाबाहेर आहे. मध्यभागी व्यक्ती आणि भोवती प्रतिकूल जग ही आकृती येथे उलटी होते. नवकवितेसाठी घडवलेली परिभाषा या साहित्याला अपुरी पडली, याची एरवी वैचारिक कारणे दिली जातात. क्रियापदाच्या पातळीवरील हे कारणही त्यांच्या जोडीला ठेवले पाहिजे.

७

'वेष्ट्' धातूची आणखी एक शाखा समीक्षेच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. पालीत 'निब्बेठेति' म्हणजे वेढा उलगडणे; आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ म्हणजे वादात अडकलेल्याने स्वतःला सोडवणे, गुंता स्पष्ट करणे. दीघनिकायातील वादविवादांच्या वर्णनात ते या अर्थाने येते. कापडाच्या क्षेत्रातले क्रियापद येथे विचाराच्या क्षेत्रात आलेले आहे. मराठीने धातू वेगळा घेतला, पण चित्र तेच ठेवले : अर्थाचा 'उलगडा' करणे म्हणजे घडी वा गुंडाळी मोकळी करणे. जैन ग्रंथभांडारांच्या सूचींत हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांना 'वेष्टन' म्हणून क्रमांक दिलेले आढळतात. वेष्टन सोडल्याशिवाय पोथी वाचता येत नाही, आणि वेष्टनाशिवाय ती इतकी शतके टिकलीही नसती.

यावरून 'वेढलेला' हे विशेषण समीक्षेने टाकून द्यावे असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ते वापरताना त्याला त्याचे वाक्य परत मिळवून द्यावे, एवढाच आग्रह धरता येईल. ज्या कवितेविषयी ते वापरले जाते, तिच्यात वेढणारा कोण आहे. त्याचे साधन दोर आहे, भिंत आहे की धुके. तो केव्हा बसला आणि उठण्याची शक्यता कवितेत कोठे आहे. आणि कवितेचा निवेदक वेढ्याच्या आत आहे, वेढणाऱ्यांत आहे की वेढ्याबाहेर, हे प्रत्येक वेळी संहितेतून दाखवले पाहिजे. ते दाखवता आले नाही, तर 'वेढलेला' हे कवितेचे वर्णन राहत नाही. समीक्षेने कवितेला घातलेले ते आणखी एक वेष्टन ठरते.